आयडी फॅनचे कंपन: यंत्राशेजारीच मोजमाप कसे उभे करावे

साखर कारखान्यात बॉयलरचा आयडी फॅन थांबला की वाफ कमी पडते, टर्बाइन उतरते आणि गाळप थांबते. गव्हाणीत ऊस अडकून राहतो, आवारातल्या गाड्यांमधला ऊस वाळत जातो, उतारा घसरतो. हा पंखा बगॅस जळाल्यावर निघणारा धूर ओढतो आणि धुराबरोबर राखही ओढतो. राख इंपेलरची पाती घासते, कुठे थर धरते, आणि मधेच त्यातला एखादा थर सुटून पडतो. मग तोल जातो, कंपन वाढते, बेअरिंगवर नको तो भार येतो. यातले बरेचसे बिघाड काही दिवस, कधी काही आठवडे आधी ओळखता येतात. अट एकच: कंपन सतत आणि नीट मोजलेले हवे.

महिन्याकाठी हातातले मीटर घेऊन घेतलेले आकडे उपयोगी असतातच, पण दोन फेऱ्यांच्या मधे काय घडले ते त्यातून कळत नाही. म्हणून आता सेन्सर कायमचा बसवतात आणि यंत्राशेजारच्या पॅनेलमध्ये एक छोटा संगणक ठेवतात. तो सिग्नल घेतो, जागेवरच आकडेमोड करतो आणि निवडक तेवढेच पुढे पाठवतो. याला एज डेटा संकलन म्हणतात. हा लेख एका नेहमीच्या मांडणीला धरून लिहिला आहे: १६० किलोवॅटची सहा पोलची मोटर, मिनिटाला ९८५ फेरे, मधे कपलिंग आणि पंख्याच्या शाफ्टला दोन प्लमर ब्लॉक. पंप, कॉम्प्रेसर किंवा फाउंड्रीतल्या ब्लोअरलाही हीच रीत लागू पडते. लेखाचा मोठा भाग सेन्सर, केबल आणि सॅम्पलिंग यांवर आहे, कारण यंत्रावर जे चुकते ते पुढच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला भरून काढता येत नाही.

आधी दोष, मग उपकरण

खरेदीची यादी करण्याआधी एका कागदावर लिहा की या यंत्रात काय काय बिघडू शकते आणि ते कोणत्या वारंवारतेवर दिसेल. मिनिटाला ९८५ फेरे म्हणजे सेकंदाला १६.४. तोल गेला तर कंपन १६.४ हर्ट्झवर वाढते. मोटर आणि पंख्याचे अलाइनमेंट बिघडले तर १६.४ बरोबर ३२.८ हर्ट्झवरही वाढते आणि शाफ्टच्या दिशेने जास्त जाणवते. फाउंडेशन बोल्ट किंवा ब्लॉकची टोपी ढिली असेल तर १६.४ च्या पटींची रांगच लागते. बारा पाती असतील तर १९७ हर्ट्झवर पात्यांची खूण असते. मोटरमधला विद्युत दोष १०० हर्ट्झवर दिसतो, कारण आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे.

बेअरिंगसाठी एक सोपा हिशेब आहे. बेअरिंगमधल्या गोळ्यांची संख्या ०.४ ने गुणली की शाफ्टच्या गतीच्या किती पटीवर बाहेरच्या रेसचा दोष दिसेल ते कळते, आणि ०.६ ने गुणली की आतल्या रेसचा. नऊ गोळ्यांच्या ६२०५ बेअरिंगसाठी या हिशेबाने ३.६ आणि ५.४ पट येते. नेमके आकडे ३.५८५ आणि ५.४१५ आहेत. काम चालवायला एवढे पुरते.

पण दोष अगदी कोवळा असतो तेव्हा या वारंवारतांवर काहीच दिसत नाही. रेसवर बारीकसा खड्डा पडलेला असतो, त्यावरून प्रत्येक गोळी जाताना टिचकी बसते आणि त्या टिचकीने ब्लॉकचा धातू साधारण २,००० ते १०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात क्षणभर झणझणतो. लवकर कळायला हवे असेल तर हा वरचा पट्टा मोजावा लागतो. मिलचे रोलर मात्र या यादीत धरू नका. मिनिटाला पाच फेरे म्हणजे ०.०८ हर्ट्झ, तिथे तेलाची तपासणी आणि तापमान जास्त सांगते.

सेन्सर: किती बारीक सिग्नल आहे ते पाहा

कंपनाची तीव्रता मिलिमीटर प्रति सेकंदात सांगतात, पण सेन्सर मोजतो त्वरण. या दोहोंमधला फरक समजून घेतल्याशिवाय सेन्सर निवडू नये. १६.४ हर्ट्झवर ४.५ मिमी प्रति सेकंद म्हणजे बरेच कंपन झाले. त्याचे त्वरण मात्र जेमतेम ०.०४७ जी भरते. उद्योगात रूढ असलेला सेन्सर एका जीला १०० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे आपला सिग्नल ४.७ मिलिव्होल्टचा. तेवढेच ४.५ मिमी प्रति सेकंद १,००० हर्ट्झवर असते तर त्वरण २.९ जी झाले असते. हळू फिरणाऱ्या पंख्याचा तोल मोजणे म्हणूनच अवघड: सिग्नल मोटरच्या केबलच्या शेजारून येतो आणि असतो एवढासा.

आयईपीई जातीचे पिझो सेन्सर या कामाला सर्वांत भरवशाचे. १८ ते ३० व्होल्टचा पुरवठा आणि काही मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह यांवर ते चालतात, पुरवठा आणि सिग्नल एकाच जोडीच्या तारेतून जातो आणि १०,००० हर्ट्झपर्यंत ते नीट मोजतात. त्यांचा एक मोठा फायदा फारसा कोणी सांगत नाही. सेन्सर ठीक असेल तर तारेवर साधारण १० ते १२ व्होल्टचा बायस दिसतो. तो पुरवठ्याइतका, म्हणजे २४ व्होल्टच्या आसपास गेला तर तार तुटली आहे. शून्यावर आला तर शॉर्ट आहे. एजच्या संगणकाने हा बायस दर मिनिटाला तपासावा. तुटलेल्या तारेचे शून्य कंपन कोणी ‘यंत्र उत्तम’ असे वाचू नये.

एमईएमएस सेन्सर स्वस्त असतात आणि त्यांतही फरक मोठा आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दिसणाऱ्या एडीएक्सएल३४५ ची एक पायरी सुमारे ०.००४ जीची आहे, म्हणजे आपला ०.०४७ जीचा सिग्नल त्याच्या जेमतेम बारा पायऱ्यांत बसतो. त्याचा सर्वोच्च दर सेकंदाला ३,२०० सॅम्पल, त्यामुळे बेअरिंगचा वरचा पट्टा त्याच्या हाती लागत नाही. तोल बिघडल्याचे तो सांगू शकेल, बेअरिंगची सुरुवात सांगणार नाही. एडीएक्सएल१००२ सारखे सेन्सर याच कामासाठी बनवलेले आहेत आणि ११,००० हर्ट्झपर्यंत जातात. ‘एमईएमएस चालते का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते आणि कशासाठी, हे विचारायला हवे.

बसवणे

चांगला सेन्सर वाईट बसवला तर पैसे वाया गेले समजा. सेन्सर आणि धातू यांच्यामधे रंग, गंज, ग्रीस किंवा वाकडी पृष्ठे असली की वरच्या वारंवारता तिथेच मरतात. ब्लॉकवर भार झेलणाऱ्या भागाजवळ जागा निवडा, रंग खरवडा, सपाट चकती मारून घ्या, मधे आटे पाडा आणि स्टडने सेन्सर कसा. आटे पाडता येत नसतील तर स्टडचे पॅड औद्योगिक इपॉक्सीने चिकटवा. चुंबकाने धरलेला सेन्सर काही हजार हर्ट्झच्या पुढे विश्वासाचा राहत नाही, आणि हाताने टेकवलेला तर त्याच्याही खूप आधी हरतो. पत्र्याच्या गार्डवर किंवा मोटरच्या पंख्याच्या टोपीवर सेन्सर कधीच नको. तिथे पत्र्याचेच कंपन मोजले जाते.

बेअरिंग चार: मोटरचे मागचे आणि कपलिंगकडचे, पंख्याचे कपलिंगकडचे आणि पलीकडचे. चारही ठिकाणी आडवा एकेक सेन्सर, आणि मोटर व पंखा दोन्हींवर शाफ्टच्या दिशेने एकेक. असे सहा चॅनल पुरतात. आडवी दिशा पहिली, कारण पाया बहुधा आडव्या दिशेने जास्त लवचीक असतो. शाफ्टवर परावर्ती पट्टी चिकटवून एका फेऱ्याला एक ठोका देणारा टॅको सेन्सरही लावा. व्हीएफडीवर चालणाऱ्या पंख्याची गती दिवसभर बदलते. नेमकी गती माहीत नसेल तर वरच्या सगळ्या पटी निरर्थक होतात. आणि हे काम यंत्र बंद करून, ब्रेकर काढून, कुलूप आणि टॅग लावूनच करायचे.

सॅम्पलिंग: इथली चूक दिसत नाही

जेवढी वारंवारता पाहायची त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने सॅम्पल घ्यावे लागतात. कंपनाच्या क्षेत्रात २.५६ पट घेण्याचा प्रघात आहे, म्हणून १०,००० हर्ट्झपर्यंत पाहायचे तर सेकंदाला २५,६०० सॅम्पल. कमी घेतले तर वरचा पट्टा फक्त दिसेनासा होत नाही, तो खाली येऊन खोटे रूप घेतो. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते तसेच हे. समजा सेकंदाला ५०० च सॅम्पल घेतले आणि यंत्रात ५१६.४ हर्ट्झचे काही कंपन आहे, तर ते स्पेक्ट्रममध्ये १६.४ हर्ट्झवर उभे राहील, म्हणजे बरोबर पंख्याच्या गतीवर. मग चांगल्या तोलाच्या पंख्याचे बॅलन्सिंग काढले जाईल. एकदा सॅम्पल घेतल्यावर हा खोटा आकडा खऱ्यापासून वेगळा करता येत नाही. एडीसीच्या आधी अँटी-एलियासिंग फिल्टर हवा तो यासाठीच. २४ बिटांच्या डेल्टा-सिग्मा जातीच्या एडीसीमध्ये तो मोठ्या प्रमाणात अंगभूत असतो. साध्या मायक्रोकंट्रोलरच्या १२ बिटांच्या एडीसीमध्ये नसतो.

दुसरी गोष्ट वेळेच्या नेमकेपणाची. लिनक्सवर पायथनच्या लूपमध्ये आय-टू-सी वरून एकेक वाचन घेतले तर दोन वाचनांमधले अंतर सतत बदलते, कारण मधेच संगणक दुसरे काम करायला जातो. स्पेक्ट्रम त्यामुळे पसरट आणि गढूळ येतो. सॅम्पलचा ठोका नेहमी हार्डवेअरने द्यायचा आणि संगणकाने बफरमधून गठ्ठे उचलायचे. रास्पबेरी पाय वापरायचा असेल तर एमसीसी १७२ सारखी पाटी जोडता येते: आयईपीईचा पुरवठा, २४ बिट, दोन चॅनल, सेकंदाला ५१,२०० सॅम्पलपर्यंत. सहा चॅनलसाठी अशा तीन पाट्या एकाच ठोक्यावर बांधता येतात. प्रत्येक गठ्ठ्याला अनुक्रमांक द्या. मधला गठ्ठा गळला तर कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट किती वेळ ऐकायचे याची. स्पेक्ट्रमची बारकाई ही नोंदीच्या कालावधीवर ठरते: एका सेकंदाच्या नोंदीत १ हर्ट्झ, चार सेकंदांच्या नोंदीत पाव हर्ट्झ. आपल्या मोटरच्या गतीची सहावी पट ९८.५ हर्ट्झवर येते आणि विद्युत दोष १०० हर्ट्झवर. एका सेकंदाच्या नोंदीत ही दोन शिखरे एकमेकांत मिसळतात, चार सेकंदांच्या नोंदीत स्वच्छ वेगळी दिसतात. मेकॅनिकल विभागाने जायचे की इलेक्ट्रिकलने, हे त्यावर ठरते. चार सेकंद घ्या.

केबल आणि अर्थिंग

शील्ड असलेली पीळदार जोडी वापरा आणि शील्ड एकाच टोकाला, पॅनेलमध्ये अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर दोन जागांच्या अर्थमधल्या फरकाने शील्डमधून प्रवाह वाहतो आणि ५० हर्ट्झचा गुणगुणाट सिग्नलमध्ये शिरतो. व्हीएफडीच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून सेन्सरची केबल नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात. साखर कारखान्यात आणखी एक त्रास असतो: हंगाम चालू असतानाच मिलच्या रोलरवर वेल्डिंगने आर्किंग करतात. वेल्डिंगचा परतीचा प्रवाह स्ट्रक्चरमधून कुठेही जातो. प्लमर ब्लॉकजवळ वेल्डिंग करायचे असेल तर सेन्सर आधी सोडवून ठेवा, आणि वेल्डरने अर्थ क्लॅम्प कामाच्या जागेशेजारीच लावावा. प्रवाह बेअरिंगमधून गेला तर रेसवर डाग पडतात.

एजवर काय ठेवायचे, काय सोडायचे

एका चॅनलचे सेकंदाला २५,६०० सॅम्पल, प्रत्येक तीन बाइटचा. सहा चॅनलचे दिवसाला सुमारे ४० जीबी होतात आणि १२० दिवसांच्या हंगामात ४.८ टीबी. एका पंख्याचे एवढे सगळे मोबाइल नेटवर्कवरून पाठवणे व्यवहार्य नाही आणि त्याची गरजही नाही. एजचा संगणक लागतो तो या निवडीसाठी.

माझ्या मते निवड तीन थरांत करावी. पहिला थर दर मिनिटाचे आकडे: १० ते १,००० हर्ट्झमधला वेगाचा आरएमएस, त्वरणाचा आरएमएस आणि शिखर, कर्टोसिस, फेरे, बायस, मोटरचा करंट. हे काही शे बाइटच भरतात. कर्टोसिस सुदृढ बेअरिंगमध्ये ३ च्या आसपास असतो आणि टिचक्या सुरू झाल्या की वाढतो; पण दोष पसरल्यावर तो पुन्हा खाली येतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नये. दुसरा थर दर तासाला चार सेकंदांचा पूर्ण वेव्हफॉर्म, सहाही चॅनलचा. दिवसाला ४४ एमबी, हे सहज जाते. तिसरा थर जागेवरच राहतो: मागच्या ४८ तासांचा कच्चा सिग्नल, सुमारे ८० जीबी, जुने पुसत नवे लिहिणारा. इशारा आला की आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटे वेगळी काढून जपायची. बिघाडाच्या आधीची ती दहा मिनिटे पुन्हा कधीच मिळत नसतात.

कच्चा वेव्हफॉर्म ठेवण्याबद्दल मी आग्रही आहे. स्पेक्ट्रम एजवरच काढून वेव्हफॉर्म टाकून देणारी उपकरणे बाजारात आहेत. उद्या विश्लेषकाला वेगळी विंडो किंवा वेगळा पट्टा लावून पाहायचा झाला तर त्याच्या हाती काही उरत नाही.

बेअरिंगसाठी एन्व्हलप विश्लेषण एजवर नक्की ठेवा. वरचा पट्टा, समजा २,००० ते १०,००० हर्ट्झ, गाळून घ्यायचा, त्याची वरची किनार काढायची आणि त्या किनारीचा स्पेक्ट्रम पाहायचा. झणझणाट किती वेळा होतो ते तिथे दिसते, आणि तो आकडा रेसच्या हिशेबाशी जुळला की दोष कुठे आहे ते सांगता येते. एकूण मिमी प्रति सेकंदाच्या आकड्यात या टप्प्यावर काहीच फरक पडलेला नसतो. नुसता ४-२० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर बसवून थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

त्वरणावरून वेग काढताना १० हर्ट्झच्या खालचा भाग आधी गाळा, नाहीतर शून्याजवळचा किरकोळ चढउतार इंटिग्रेशनने डोंगराएवढा होतो.

संगणक साधा चालेल, पण एसडी कार्डावर सतत लिहू नका. वीज गेली की कार्ड बिघडते. एसएसडी आणि छोटा यूपीएस घ्या. पॅनेल बॉयलरपासून दूर, धूळबंद, आणि आत फिरता पंखा नको. बगॅसचा भुस्सा कुठेही शिरतो.

वेळ, नावे, निरोप

प्रत्येक नोंदीबरोबर सेन्सरचा क्रमांक, त्याची संवेदनशीलता, जागा, दिशा, सॅम्पलिंगचा वेग, यंत्राचे फेरे आणि वेळ हवी. वेळ एनटीपीने जुळवलेली असावी. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत स्वतःचे घड्याळ नाही, ते वेगळे जोडावे लागते. नावे पहिल्याच दिवशी ठरवा आणि ती ब्लॉकवर रंगाने लिहा. फिटर जे नाव घेतो तेच पडद्यावर दिसले पाहिजे.

पाठवण्यासाठी एमक्यूटीटी योग्य. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलवाहिनीवरची माहिती उपग्रहाच्या तोकड्या जोडणीवरून आणण्यासाठीच तो तयार केला होता. जोडणी तुटली की नोंदी जागेवर साठवायच्या आणि जोडणी आल्यावर क्रमाने पाठवायच्या. जोडणी बाहेर जाणारी आणि एन्क्रिप्टेड ठेवा, आणि पीएलसीच्या नेटवर्कपासून हे सगळे वेगळे असू द्या.

इशारा कधी द्यायचा

आयएसओ २०८१६ च्या तिसऱ्या भागात, जो जुन्या १०८१६ च्या जागी आला, १५ ते ३०० किलोवॅटच्या यंत्रांसाठी पक्क्या पायावर १.४, २.८ आणि ४.५ मिमी प्रति सेकंद अशा सीमा आहेत. लवचीक पायावर २.३, ४.५ आणि ७.१. मोटरसाठी हे आकडे धरा. पंख्यांसाठी आयएसओ १४६९४ हे वेगळे मानक आहे आणि ते थोडी अधिक सूट देते. पण तुमच्या पंख्याची खरी सीमा त्याचा स्वतःचा इतिहास सांगतो. १.२ वर शांत चालणारा पंखा २.४ वर गेला तर मानकाच्या पट्ट्यात बसत असला तरी काहीतरी बदलले आहे. म्हणून दोन इशारे ठेवा: एक मानकाचा, एक स्वतःच्या नेहमीच्या पातळीच्या दुपटीचा. यंत्र चालू आणि गती स्थिर असतानाच तुलना करा, आणि आकडा काही मिनिटे टिकला तरच निरोप जाऊ द्या. रोज खोटा निरोप आला तर आठवड्याभरात फोन बघणे बंद होते.

या संगणकाला यंत्र थांबवण्याचा अधिकार देऊ नका. ट्रिपसाठी वेगळी संरक्षण यंत्रणा असते. मोठ्या यंत्रांवर ती एपीआय ६७० प्रमाणे उभारतात.

चालू करण्यापूर्वी

हातातला कॅलिब्रेटर १५९.२ हर्ट्झवर १ जी देतो. त्या वारंवारतेवर १ जी म्हणजे बरोबर ९.८१ मिमी प्रति सेकंद. सेन्सर त्यावर बसवा आणि पडद्यावर शेवटी काय उमटते ते पाहा. ९.८१ च्या जवळ आले तर सेन्सर, केबल, एडीसी, इंटिग्रेशन आणि एकके, सगळी साखळी एकदम तपासून झाली. शिखर आणि आरएमएस यांतला गोंधळ असेल तर १३.९ येईल. मग प्रत्येक ब्लॉकवर हातोडीच्या दांड्याने टकटक करून त्याच नावाची रेषा हलते का ते बघा. अदलाबदल झालेल्या केबली इथेच सापडतात.

आटे पाडणे, केबल ओढणे आणि ही तपासणी ऑफ सीझनमध्ये, पंखा उघडलेला असतानाच उरकून घ्या. बेअरिंगचा क्रमांक तेव्हाच लिहून ठेवा, कारण ब्लॉक बंद झाल्यावर तो कोणालाच दिसत नाही. बॉयलर पेटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे हीच तुमची नेहमीची पातळी. ते न चुकता जपा. आणि पहिल्या हंगामात एकच पंखा घ्या.